अबोला आणि न्हाणं

सास्तूरला माझ्या आईचा आणि शेजारच्या काकूंचा बांधावरून कैक वर्षं अबोला होता. एका सोमवारी आई गरम पाण्याची बादली घेऊन त्यांच्या घरात शिरली, तेव्हा मी हादरलेच. भांडण होईल म्हणून मागोमाग पळाले. लकव्यानं काकूंचा उजवा हात गेला होता. त्यांना न्हाणीत बसवून आई त्यांचे केस धूत होती. दोघीही चकार शब्द बोलत नव्हत्या.

घरी आल्यावर मी विचारलं, "अगं, बोलत न्हाईस आन् न्हाऊ घालतीस?"

"बोलायचं का न्हाय ते माझ्या मनावर हाय," आई म्हणाली. "हात देवानं दिल्यात. त्याच्या कामाला नकोत व्हय?"

पुढच्या सोमवारीही ती गेली. अबोला अजून सुटलेला नाही.