हृदयाच्या चित्राखालची ओळ

चूक माझी होती आणि आठ महिने मी ती कदमांच्या नावावर राहू दिली.

मरोळच्या आमच्या कचेरीत अंधांसाठी डिजिटल पुस्तकं तयार होतात. पानं जुळवायचं काम माझं. तपासणी कदमांची. ते स्वतः अंध. कानाला हेडफोन लावून, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर इतक्या वेगात ऐकायचे, की आम्हाला नुसती भुणभुण वाटे. मध्येच बोट वर जाई. “मेल्या, वाक्याच्या पोटात चित्र खुपसलंस! परिच्छेद संपू दे की. मग चित्र, आणि त्याची ओळ त्याला चिकटून. पोरगं एकटं बसून ऐकतंय, त्याने विचारायचं कुणाला?”

ते मूळचे मालवणकडचे, राहायला जोगेश्वरीला. डब्यातली सोलकढी मला देत आणि वर म्हणत, “पी. डोकं थंड राहिलं तर चुका कमी करशील.”

विज्ञानाचं पुस्तक त्यांनी तपासून दिलं, त्यानंतर दोन चित्रं मोठी दिसतात म्हणून मी ती काढून परत बसवली. बसवताना जागा उलटल्या. खालच्या ओळी जिथल्या तिथे राहिल्या. चित्राच्या जागी ऐकू येणारं वर्णन फुप्फुसांचं, खाली ओळ ‘हृदयाची रचना’. कदमांना पुन्हा ऐकवायला हवं होतं. कंटाळलो होतो. दोनच तर चित्रं, म्हटलं, आणि फाईल पाठवून दिली.

अंधशाळेतून तक्रार आली. सोमवारच्या बैठकीत कुणीतरी हळूच म्हणालं, “दिसतच नाही, तर तपासणार काय?”

कदमांनी एवढंच विचारलं, “माझ्यानंतर फाईल कुणी उघडली होती का रे?”

मी कपातल्या चहाकडे बघत राहिलो.

तपासणी त्यांच्याकडून गेली. त्यांना फोनवर बसवलं. मला जाता-येता त्यांचं “नमस्कार, बोला” ऐकू येई. त्या आवाजात पूर्वीची धार नव्हती. आठ महिने रोज ते ऐकून मी थकलो. एका दुपारी त्यांच्या टेबलाशी जाऊन सगळं सांगितलं.

“माहीत आहे,” ते म्हणाले. “तू बसलास की खुर्ची सारखी करकरते. त्या दिवशी मी विचारलं आणि ती एकदम गप्प झाली.”

“मग बोलला का नाहीत?”

“खुर्चीची साक्ष कोण धरणार?” ते हसले, पण लगेच थांबले. “मला एकट्याला सांगून मोकळा होऊ नकोस. ओळ कुठे लावायची असते?”

“चित्राजवळ.”

“मग जा.”

सोमवारी मी त्यांना हाताला धरून बैठकीत नेलं. तीच खोली, तीच माणसं. मी उभा राहिलो. “विज्ञानाच्या पुस्तकातली चूक माझी होती. कदमांनी तपासलेलं पुस्तक बरोबर होतं. मी नंतर ते बिघडवलं, आणि यांनी विचारलं तेव्हा इथेच बसून गप्प राहिलो. कदम, मला माफ करा.”