दोन शब्दांमधून म्हैस

बाय छापायला जाणारं पान आधी उलटं धरायची. खरंच उलटं, डोकं खाली, पाय वर. सुलटं धरलं की माणूस वाचायला लागतो आणि मग फटी दिसत नाहीत, असं तिचं म्हणणं. डोळे बारीक करून ती शब्दांमधली पांढरी जागा बघायची आणि मोठ्या फटीवर बोट टेकवायची. "गो, हयसून म्हस जायत."

पेडण्याच्या बाजारात, जिन्यावरच्या खोलीत तिचं डीटीपीचं दुकान, आणि मी तिथे टायपिंगला. माझा स्पीड भन्नाट, पण बायला त्याचं काडीचं कौतुक नाही. "बोटां धावतत तुझी, धाप लागता ओळीक." लग्नपत्रिका असो की दशावताराचं हँडबिल, ती एकेक ओळ हाताने बसवणार. इथली जागा केसभर कमी कर, खालचा 'तो' वर ओढ, परत पान उलटं. गिऱ्हाईक कुरकुरलं की म्हणायची, "चाय पिऊन ये रे, तुझा लग्न खंय पळता?"

आता पोथीचं सांगते. आमच्या देवळात श्रावणभर संध्याकाळी स्थळमाहात्म्य वाचतात आणि वाचणारे पोथीकाका, कितीतरी वर्षं तेच. जुनी प्रत फाटली म्हणून समितीने नवी करायला दिली. बाय तेव्हा भाचीच्या लग्नाला डिचोलीला, त्यामुळे काम मी घेतलं. अध्यक्षभाऊंना दोन्ही कडा भिंतीसारख्या सरळ हव्या होत्या. काकांसाठी अक्षर मोठं, पान लहान, म्हणजे ओळीत जेमतेम तीन-चार शब्द. मी सगळं सिलेक्ट केलं, जस्टिफाय दाबलं, झालं. कडा सरळ झाल्या आणि उरलेली जागा सगळी शब्दांच्या मध्ये जाऊन बसली. मी तर पोथीचं स्टेटसही ठेवलं होतं.

आणि काका अडखळायला लागले. मध्येच थांबायचे, ओळ सोडून खालच्या ओळीत जायचे, परत वर यायचे. मेलेला राक्षस पुन्हा लढायला उभा. लोक हसले. पाचव्या दिवशी भाऊ म्हणाले, "काका, आता वय झाला. सोमवारपासून माझो पुतण्यो बसतलो." काका नुसता चष्मा पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी बाय परत आली, हे ऐकलं आणि थेट देवळात. मांडीवर पोथीची दुसरी प्रत, हातात पेन्सिल. काका जिथे अडतील तिथे एक टिंब. वाचन संपल्यावर तिने ती पानं माझ्यापुढे उलटी धरली. प्रत्येक टिंब एकेका मोठ्या फटीवर. काकांची नजर त्या फटीतून घसरून खाली पडत होती आणि फटी माझ्या होत्या. मला तोंड लपवावंसं वाटलं.

"काकांचे डोळे बरे आसत," ती भाऊंना म्हणाली. "कड सरळ झाली, पण काका वाकडे झाले."

"सोमवारचा ठरला आसा, बाय."

"सोमवारी आधी काका वाचतले. अडले तर बसय तुझ्या पुतण्याक."

शनिवार-रविवार आम्ही काकांपुरती एक प्रत नव्याने लावली. उजवी कड मोकळी सोडली, ओळ संपेल तिथे संपू दे. शब्दांमधली जागा सगळीकडे सारखी. आयुष्यात पहिल्यांदा मी हळू काम केलं. बाय पान उलटं करायची आणि मी श्वास रोखून बघायची. रविवारी संध्याकाळी तिच्या बोटाला टेकायला जागा मिळेना.

सोमवारी पुतण्या सोवळं नेसून तयार. काकांनी पान उघडलं आणि फेरीबोट धक्क्यावरून सुटावी तसे सुटले. हिसका नाही, थांबणं नाही. राक्षस एकदाच मेला. अध्याय संपला तरी बायका उठेनात. "काका, पुढचो वाचा," मागून कोणीतरी म्हणालं. काकांनी तोही वाचला, आवाज चढवून. पुतण्यानेच समई त्यांच्याकडे सरकवली. भाऊंनी पोथी हातात घेतली, वाकडीतिकडी उजवी कड बघितली आणि परत ठेवली. मला तर तिथेच नाचावंसं वाटत होतं.

काही वर्षांपूर्वी बाय बहिणीकडे कारापूरला राहायला गेली. दुकान आता मी चालवते. श्रावण लागला की तिचा फोन येतो.

"काका खंय अडले?"

"पाणी पिवक अडले, तितकेच."

"मग बरा," म्हणते आणि फोन ठेवते.