वजन उतरलं, अभिनंदन!

दुर्बिणीने लोकांची पोटं तपासण्यात आयुष्य गेलं की किस्से आपोआप साचतात. आमच्या नाशिकच्या दवाखान्यात तर एका वाक्याचा मला धसकाच बसलाय. "डॉक्टर, काही न करता वजन उतरलं!" असं कुणी हसत म्हणालं की माझं हसू पळतं.

सायखेड्याचे एक झेंडूवाले असेच आले, खुशीत. "लय हलकं वाटतंय, सर!" जेवणाचं विचारलं, तर दोन घासांत पोट गच्च! म्हटलं, "उद्या सकाळी उपाशीपोटी या, स्कोपी करू." तर म्हणतात, "दसरा झाल्यावर येतो, आत्ता फुलांना भाव हाय!" असा ओरडलो ना! आले बिचारे. जठराच्या खालच्या तोंडाशी मोठा अल्सर, वाट जवळजवळ बंद. वेळेत सापडला म्हणून निभावलं.

उलटंही होतं. पेठच्या एका आजींचा मुलगा हट्टालाच पेटला, "आजच नळी घाला!" आजी वाळल्या होत्या हे खरं. मी आधी तोंड उघडायला लावलं, तर आत कवळीच नाही! "लग्नात हरवली. सांगितलं तर ह्यो वरडंल," आजी कुजबुजल्या. तेव्हापासून नुसती पेज! त्यांना दातांच्या डॉक्टरकडे धाडलं.

आणि आमचा शिरीष. माझा पार्टनर, तोही दुर्बीणवालाच. पँट ढिली झाली, तर सगळा स्टाफ त्याच्याकडे डाएट मागायला लागला. "रोज चालतो ना!" म्हणायचा. अरे, चालतोस तू कॉलेजपासून!

मग एकदा डबा खाताना पाहिलं, गडी प्रत्येक घासाला पाणी पितोय.

"पोळी कोरडी आहे रे."

"कोरडी? वहिनींनी तूप चोपडलंय तिला! कधीपासून अडकतंय?"

"अ‍ॅसिडिटी असेल. पुढच्या महिन्यात बघू."

हेच एखादा पेशंट बोलला असता, तर यानेच त्याला फैलावर घेतलं असतं! "उद्या सकाळी पहिला नंबर तुझा. नाही आलास तर वहिनींना फोन करतो."

आला. झोपेचं इंजेक्शन काही घेईना. "मला स्क्रीन बघायचीय." घशात स्प्रे मारला, दातांत माउथपीस दिला, बोलणं बंद. दुर्बीण हळूहळू खाली नेली. अन्ननलिकेच्या शेवटाशी माझा हात थांबला.

शिरीषने स्क्रीनकडे नीट पाहिलं. मग हात वर केला, दोन बोटांची चिमटी केली, आणि बायोप्सीचा तुकडा नेमका कुठून घ्यायचा ते मला दाखवलं.