अल्बट्रॉसच्या बेटावर बडीशेप

न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाहून आमची बोट निघाली आणि बेटावर उतरायच्या आदल्या दिवशी एक गमतीशीर कार्यक्रम झाला. सगळ्या प्रवाशांनी जॅकेट, बूट, सॅक घेऊन लाउंजमध्ये बसायचं आणि चिमट्याने, व्हॅक्यूमने शिवण न् शिवण साफ करायची. त्या निर्मनुष्य बेटावर बाहेरचं एकही बी जाता कामा नये. मनुरेवा नावाच्या उपनगरात मी फार्मसी सांभाळतो, त्यामुळे स्वच्छतेचा मला जरा माजच आहे. शेजारी बसलेल्या आजोबांच्या जॅकेटच्या वेल्क्रोत अडकलेलं गवतही मी उपटून दिलं. मग आमच्याकडे कसलंच बी नाही, अशा कागदावर सगळ्यांनी सह्या केल्या.

सकाळी रबरी बोटीतून वाळूवर उतरलो, तर समुद्रसिंहांची पिल्लं एकमेकांचे कान चावत होती. एक मादी मात्र पाण्यातून निघाली आणि सरळ झाडीत शिरली. ही जंगलात कशाला चाललीय, असं मी विचारलं. नरांच्या दंग्यापासून पिल्लाला लांब ठेवायला, असं गाईड मुलीने सांगितलं. मला ते इतकं आवडलं की मी आणखी चार प्रश्न विचारले.

बायकोला फक्त अल्बट्रॉस पाहायचा होता. ती नर्स आहे. डबा खाताना तिने कधीतरी वाचलं होतं, की हे पक्षी कित्येक महिने समुद्रावर एकेकटे हिंडतात आणि तरी परत त्याच जोडीदाराकडे येतात. ओळखतात कसे, हे न्यू लिनच्या घरी भाजी चिरताना तिने मला इतक्या वेळा विचारलं, की शेवटी ही ट्रिप बुक करूनच माझी सुटका झाली.

टेकडीवर लाकडी पायवाट होती आणि वारा बोचत होता. माझं नाक गळायला लागलं. रुमाल आतल्या खिशात ठेवलाय, असं बायको म्हणाली. मी तो ओढून काढला आणि त्याबरोबर एक कागदाची पुडी उलगडत खाली पडली. कच्ची, हिरवी बडीशेप फळ्यांवर सांडली. बोट लागू नये म्हणून घरून निघताना बायकोनेच ती ठेवली होती आणि साफ विसरली होती. तो खिसा तपासायचा मीही विसरलो होतो.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाईडला बोलावून दाखवलं. ती रागावली नाही, पण दाणा न् दाणा मिळेपर्यंत मी पुढे जायचं नाही, असं म्हणाली. ही पुडी कोणाची, असंही तिने विचारलं.

"माझी," मी म्हणालो.

बायको काही बोलणार, तेवढ्यात मी तिला डोळ्यांनी दटावलं. अल्बट्रॉसची घरटी पुढच्या वळणावरच होती. तिचाही दिवस कशाला वाया घालवायचा?

सगळे पुढे गेले. बोटीवरच्या एका माणसाबरोबर मी फळ्यांच्या फटीत चिमटा घालून ओणवा बसलो. मध्येच पिवळ्या डोळ्यांचा एक पेंग्विन आला, थांबला आणि वाट मिळेपर्यंत आमच्याकडे बघत राहिला. नियमाप्रमाणे आम्हीच बाजूला झालो. हा समुद्र सोडून टेकडीवर कुठे निघालाय, याचं मला कुतूहल वाटत राहिलं. पण अल्बट्रॉस हुकल्याचं वाईट वाटलंच.

तासाभराने मंडळी परतली. आजोबांच्या कॅमेऱ्यात चोचीला चोच लावलेली जोडी अगदी स्पष्ट आली होती. बायको सर्वांत मागे होती, उजवा हात खिशात घालून. दिसले का, असं मी विचारलं.

"पांढरं काहीतरी दिसलं," ती म्हणाली. "एका हाताने दुर्बीण नीट धरता येईना."

"आणि दुसरा हात?"

"वळणावर गेल्यावर कळलं, माझ्याही खिशात बडीशेप आहे रे. पुडी फाटलीय, सांडू नये म्हणून मुठीत धरलीय. तेव्हाच सांगितलं असतं तर परत यावं लागलं असतं. तू एवढं करून पाठवलं होतंस मला."

मग ती गाईडपुढे जाऊन उभी राहिली आणि माझ्या खिशातली पुडीही आपणच ठेवली होती, हे तिने सांगितलं. खिशातून मूठ बाहेर काढली. पण ती उघडेना. थंडीने आखडलेली बोटं तिला दुसऱ्या हाताने एकेक करून सोडवावी लागली.