दादाचा सिनेमा आणि माझी काजळी

आमच्या घराण्यात आजवर एकच नट झाला, तो मी. पुन्हा कोणी होऊ नये याची घराण्याने पुरेपूर काळजी घेतली.

स्वराज्य येऊन सहा-सात वर्षं झाली असतील. माझा थोरला भाऊ आर्वीला फोटो काढायचा. त्याने कुठूनसा सिनेमाचा कॅमेरा मागून आणला (मुका! आवाज नावाला नाही) आणि आमच्या गावात, रोहण्यात, जाहीर केलं, "मुंबईच्या शिनेमात आपला माणूस दिसते का? मी दाखोतो! खराखुरा!" गोष्ट एका गोंड लाकूडतोड्याची. तो होणार होता आमचा शेजारी बुधाजी मडावी, जो खरोखरच गोंड होता आणि खरोखरच लाकडं तोडायचा.

बुधाजीची माय हरखली. जत्रेतल्या तंबूत तिने एकदा सिनेमा पाहिला होता आणि शेवटी विचारलं होतं, "याच्यात आपलं कोणीच काऊन नाई?" आता तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. "दिसते तोवर दाखव रे बाबू," एवढंच तिचं मागणं.

शूटिंगला बुधाजी आला तो लग्नातला कोट घालून! तेल चोपडून भांग, पायांत माझेच मागून नेलेले बूट. फोटो काढायचा म्हटल्यावर माणूस दुसरं काय घालणार?

दादाने कपाळ बडवलं. "अबे, तू गोंड नाई दिसत!"

"मंग काय दिसतो?"

"मास्तर! जाय, फाटके कपडे घालून ये."

"माय मले फाटक्यात पाहीन काय? नाई जमत, दादा."

मी बाजूला शेंगा खात उभा होतो. दादाची नजर माझ्यावर पडली आणि माझं वाटोळं झालं! अंगभर तव्याची काजळी, वर जवसाचं तेल, डोक्यात मोराचं पीस. ("लाकडं तोडताना पीस कोण लावते?" बुधाजी म्हणाला. त्याला कोण विचारतो!) मला दारात पाहून आईने विचारलं, "कोण पाह्यजे?" आणि बुधाजीच्या हाती दादाने छत्री दिली, कॅमेऱ्याला ऊन लागू नये म्हणून.

महिन्याने आर्वीत, कापसाच्या जिनिंगच्या एका गोदामात दारं लावून चादरीवर सिनेमा लागला. बुधाजीने मायला बैलबंडीत बसवून आणलं. चादरीवर मी! घामाने काजळी ओघळलेली, पीस कानावर लोंबतंय, कुऱ्हाड उलटी! गोदाम लोळून लोळून हसलं. दादा कोपऱ्यात रडत होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

माय उठून पार चादरीजवळ गेली. "बुधा, तू कोठी हायेस?"

बुधाजीने बोट ठेवलं. माझ्या पायाशी, प्रत्येक दृश्यात, छत्री धरलेली एक सावली पडली होती.

"हे मी, माय."

हसणं थांबलं. माय त्या सावलीवरून हात फिरवत राहिली. मग वर माझ्या तोंडाकडे बघून गोंडीत काहीतरी बोलली.

"काय म्हणते?" मी विचारलं.

बुधाजी ओशाळला. "म्हणते, हे पोरगं कोणाचं? याची माय याले आंघोळ नाई घालत काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने आमच्या घरी ओंजळभर रिठे पाठवले. काजळी जाऊन महिना झाला होता. मी मुकाट्याने न्हाणीत गेलो आणि सगळे रिठे संपवले.