खडीवरचा तोल

फ्रान्सच्या डोंगराळ भागात खास सायकलींसाठी राखलेला खडीचा रस्ता आहे. मोटारींना तिथे मज्जाव. तिकडे नोकरी करणारी माझी मुलगी राधा मला हौसेने घेऊन गेली. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे, आणि चाकांखालच्या खडीचा तेवढा आवाज. पहिल्याच उतारावर राधाची सायकल घसरता घसरता राहिली. माझी मात्र खडखडत सरळ खाली आली.

"आई, साठीत हे कुठून शिकलीस गं?"

मला हसू आलं. तीस वर्षं मी सायकलने शाळेत शिकवायला गेले. मागून ट्रकने हॉर्न दिला की डांबर सोडायचं, कडेच्या खडीत उतरायचं, हँडल सैल धरून तोल सांभाळायचा. तेव्हा रोज अपमान वाटायचा. इथे तर लोक मुद्दाम खडी शोधत येतात!

"ट्रकवाल्यांनी शिकवलं," मी ऐटीत म्हणाले.

मग लक्षात आलं, एवढ्या मोकळ्या रस्त्यावरही मी अगदी कडेनेच चालले होते. मागे वळून न बघता मी सायकल मधोमध घेतली.