गोधडीचं पोट

मला पहिल्यापासून एक वाईट खोड आहे. सांगायचं नसलेलं कुणी विचारलं की गप्प बसवत नाही, काहीतरी बनवून सांगते. रेवदंड्यात उतरले त्याच दिवशी घरमालकिणीने विचारलं, "तुमचे यजमान कुठे असतात?" आणि मी ट्रंक खाली ठेवता ठेवता सांगून मोकळी झाले, "बोटीवर."

यजमान तेव्हा पुण्यात आपल्या आईच्या हातचं सुखाने जेवत होते. लग्नाला दीड वर्ष झालं तेव्हा त्यांनी मला दिवाळीला म्हणून माहेरी पोचवलं आणि पुन्हा न्यायला आले नाहीत. वडील विचारायला गेले तर "तोंडाळ आहे" एवढंच उत्तर मिळालं. मी तोंडाळ आहेच, त्याबद्दल वाद नाही. पण टाकलेली बाई म्हणून त्याच आळीत जन्म काढायची माझी तयारी नव्हती. शिवणाचा कोर्स केला. स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षं झाली होती, गावोगाव बायकांसाठी शिवणवर्ग निघत होते. जितकं लांब तितकं बरं म्हणून मी समुद्राकाठचं गाव मागून घेतलं.

आता मासेमारीच्या गावात बोटीची थाप मारणं म्हणजे सोनाराच्या दुकानात पितळ विकायला जाणं. पण ती अक्कल मला तोंडातून शब्द गेल्यावर आली. दुसऱ्या दिवसापासून विचारणा सुरू. कुठली बोट? कुठल्या बंदराला लागते? कधी उतरणार? मी आफ्रिका म्हटलं, मग एडन म्हटलं, मग कुणाला काय सांगितलं ते लक्षात ठेवायला लागले. तेवढ्यासाठी मी लोकांत जाणंच कमी केलं. वर्ग सुटला की नाकाला पदर लावून वाळत घातलेल्या मासळीच्या कडेकडेने घर गाठायचं आणि दार लावून घ्यायचं.

वर्ग एका जुन्या वखारीत भरायचा. सरकारी यादीप्रमाणे मला झबलं, परकर आणि रुमालावरचं भरतकाम शिकवायचं होतं. पहिल्या दिवशी पंधरा कोळणी आल्या, झबल्याचा कागदी नमुना पाहून पोट धरून हसल्या, आणि दुसऱ्या दिवशी चारच उरल्या. त्या चौघींत एक पन्नाशीची, रुंद मनगटांची बाई होती. तिला सगळे मावशी म्हणत, मीही म्हणायला लागले. तिसऱ्या दिवशी तिने माझ्या टेबलावर एक गाठोडं आपटलं. त्यात फाटलेल्या शिडाचा तुकडा, कुजायला लागलेलं सुती जाळं, दोन जुनी लुगडी, आट्याच्या पोत्याचं कापड आणि मूठभर शिंपले होते.

"बाय, झबली आमी डोले मिटून शिवतो," ती म्हणाली. "ह्याचं काय व्हतं ते शिकव."

ह्याचं काय होतं ते मला कोर्समध्ये कुणी शिकवलं नव्हतं. गोधडी होईल एवढं दिसत होतं, पण नुसती ठिगळं जोडायची तर माझी गरज काय होती? मी रागारागाने शीड खाली पसरलं, वर लुगड्याचे तुकडे मांडले, आणि मावशीची खोड मोडावी म्हणून त्यावर ते घाणेरडं जाळं टाकलं. जाळ्याच्या डोळ्यांतून खालचं निळं लुगडं तुकड्यातुकड्याने दिसायला लागलं. आम्ही दोघी बघतच राहिलो. मग पोत्यावरची गिरणीची तांबडी अक्षरं कापून कडेला लावली. समुद्राने आधीच भोक पाडून ठेवलेले शिंपले मावशी बरोबर निवडून काढायची, ते धाग्यात ओवून जाळ्याच्या गाठींवर बसवले. शिडात सुई जाईना तेव्हा मावशीने घरून दाभण आणलं, आणि ते कसं धरायचं हे मला शिकवलं. त्या महिन्यात कोण कुणाला शिकवत होतं ते सांगता येणार नाही. वर्गात पुन्हा पंधरा बायका झाल्या.

टाके मात्र त्यांच्या पद्धतीचे. गोधडीच्या कडेने सुरुवात करायची, गोल गोल फिरत आत यायचं, आणि शेवटी मधोमध वीतभर जागा मोकळी राहते तिला पोट म्हणायचं. ते पोट बंद करण्याआधी त्यात काहीतरी खाऊ ठेवायचा. ज्याच्यासाठी गोधडी आहे त्याच्या आवडीचा.

"गोदरी उपाशी ठेवली तर पांघरणारा बी उपाशी ऱ्हातो," मावशी म्हणाली.

मी ही गोष्ट हसण्यावारी नेली, आणि त्याचं फळ मिळालं. आमची पहिली गोधडी अलिबागच्या प्रदर्शनात गेली. पाहुणे येऊन पाहतात तर एक मांजर तिच्या मधोमध बसून पोट फाडत होतं. मावशीने नवऱ्याच्या आवडीचा सुका बोंबील भरला होता! वरून माझी लेखी खरडपट्टी निघाली. मावशीला वाचून दाखवली तर ती म्हणाली, "मांजराला कला कलली बग."

हे सगळं पावसाळ्यातलं. ज्येष्ठात होड्या किनाऱ्यावर ओढल्या, माडाच्या झावळ्यांनी शाकारल्या की कोळणींना उसंत मिळायची आणि माझी वखार भरायची. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ पडला, होड्या पाण्यात गेल्या, की दुसऱ्या दिवसापासून वर्गात मी आणि शिवणयंत्र. पुढचे आठ-नऊ महिने वाडीत सुपारी पडल्याचा आवाज ऐकत मी एकटी झबली कापायची. यादीत झबली होती म्हणून कापायची, घालायला कुणी मूल नव्हतं. कधी कधी सबंध रविवार जायचा आणि माझ्या लक्षात यायचं की आज आपण कुणाशी एक शब्द बोललो नाही. मला माणसं हवी होती. पण माणसं आली की प्रश्न येत, आणि प्रश्न आले की ती बोट येई.

मावशी तेवढी मासळीची पाटी घेऊन जाताना दारात टेकायची. मी मासळी घेत नाही हे ठाऊक असून टेकायची. एकदा मी जेवत होते, आईने पुण्याहून पाठवलेलं मेतकूट भातावर घालून.

"ही पिवली माती खाऊन पोट भरतं तुझं?" तिने विचारलं.

"भरतं. बोंबलापेक्षा बरी," मी म्हटलं.

त्यावर ती खूप वेळ हसली. मग पुढे कधीतरी तिने नातवाच्या तोंडाला चव नाही म्हणून चिमूटभर मेतकूट मागितलं, मी कागदाच्या पुडीत बांधून दिलं.

तिसऱ्या वर्षीच्या आषाढात मावशीने वर्गात जाहीर केलं, "अवंदा बायच्या दादल्यासाठी गोदरी. बोटीवरनं येईल तर काय पांघरंल?" पंधरा बायकांनी माना डोलावल्या. कुणी नवऱ्याच्या सदऱ्याचा खिसा आणला, कुणी लग्नातल्या लुगड्याचा जरीचा काठ. नाही म्हणायला मला तोंड नव्हतं.

"दादला तुझ्यापेक्षा उंच का बुटका?" मावशीने विचारलं.

"उंच," मी म्हटलं.

"खातो काय?"

"सगळं खातो. बोंबील फार आवडतो." त्या माणसाने जन्मात मासळीच्या वाटेने पाऊल टाकलं नव्हतं.

"जरा उभी ऱ्हा," म्हणून तिने शीड माझ्या पाठीला लावलं, खांद्यापासून टाचेपर्यंत हाताने मापलं आणि कापून टाकलं. मी खेकसले, "टेप कशाला दिलाय तुम्हांला? उंच माणसाला आखूड पडेल ना!" ती नुसती दोरा ओवत राहिली.

गोधडी सुरेख झाली. आमच्या हातून तेवढी चांगली पुन्हा झाली नाही. नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मावशीने ती माझ्या मांडीवर ठेवली. पोट आधीच शिवून बंद केलं होतं. "लय भूक लागंल तवाच उसव," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने माझ्या हातात नारळ दिला, दादल्याच्या नावाने दर्याला दे म्हणून. सगळ्या बायका हात जोडून उभ्या होत्या. त्यांची माणसं उद्या खरोखर पाण्यात जाणार होती, आणि मी त्यांच्यात उभी राहून पुण्यात पाट मांडून बसलेल्या माणसासाठी नारळ टाकला. इतकी शरम मला कधी वाटली नव्हती.

आता ह्यांना खरं कळलं तर? दिवाळीत गावातला एक खलाशी सुट्टीवर येणार असं ऐकलं, आणि माझं धाबं दणाणलं. तो बोटीचं नाव विचारणार, कंपनी विचारणार. मी बदलीचा अर्ज केला. म्हसळ्याच्या शाळेत शिवणबाईची जागा होती, ती मिळाली. निघताना मावशी एस्टीपर्यंत आली. "कागद धाड," म्हणाली. मी हो म्हटलं आणि धाडला नाही. कागदात नवऱ्याबद्दल काय लिहायचं होतं?

म्हसळ्यात मी सहा वर्षं काढली. तिथे यजमानांचं कुणी विचारलं तर मी "नाही" एवढंच सांगायची. कुणाला काय समजायचं ते समजू दे. कुणी फारसं विचारलंही नाही. गोधडी ट्रंकेच्या तळाशी डांबराच्या गोळ्यांत ठेवली होती. नसलेल्या नवऱ्याची गोधडी मी पांघरणार कशी?

सहाव्या वर्षी मुलींना गोधडी शिकवायची वेळ आली. जाळं, शिंपले सांगून कळेना, म्हणून मी ती वर्गात नेली. पोट म्हणजे काय हे विचारून मुलींनी भंडावलं. मी म्हटलं, बघाच आता. नाकाला पदर लावला, कारण बोंबील सहा वर्षांचा, आणि कात्रीने मधले टाके उसवले.

आत लुगड्याच्या चिंधीची पुरचुंडी होती. ती सोडली तर मेतकूट. काळपट पडलेलं, पण हिंगाचा वास अजून धरून होतं. सोबत चार दाणे तांदळाचे.

"बाई, ही कुणाची गोधडी?" एका मुलीने विचारलं. सांगता येत नव्हतं आणि बनवताही येत नव्हतं. मी वर्ग सोडून दिला. मग घरी येऊन गोधडी पाठीवर घेऊन आरशासमोर उभी राहिले. खांद्यापासून टाचेपर्यंत बरोबर बसली. त्या संध्याकाळी मी भात टाकला आणि ते शिळं, कडवट मेतकूट घालून सगळा संपवला. रडले ते जेवून झाल्यावर.

शनिवारी दोन एस्ट्या बदलून, साळावची खाडी तरीने ओलांडून मी रेवदंड्याला गेले. मावशी दारात जाळं विणत बसली होती. केस पांढरे झालेले, डोळ्यांना कमी दिसत होतं, हात मात्र आपोआप चालत होते. मी समोर बसून गोधडी तिच्या मांडीवर ठेवली. तिची बोटं कडेपासून फिरत फिरत मधोमध आली आणि उसवलेल्या जागी थांबली.

"खाल्लंस?" तिने विचारलं.

"तुला कधी कळलं?"

"पयल्याच पावसात." तिने जाळं बाजूला ठेवलं. "ज्या बाईचा दादला दर्यात असतो ती सकाली उठून पयला वारा इचारते. तू तीन वर्सांत कवा वारा इचारला नायस."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हून वाट बगली."

मी कुणाला घाबरून पळाले होते, तर हिला. सहा वर्षं मी ज्या गावात तोंड दाखवायला भीत होते, तिथे हिच्यासमोर लपवण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतंच. एका दाराशी मी खुशाल जाऊन बसू शकले असते. हे मी तिला म्हटलं नाही. ती मुलाकडे माझगावला कायमची जायला निघाली होती, बांधाबांध झाली होती. तरीची शेवटची फेरी चुकवून चालणार नव्हतं, मला तासाभराने उठायचं होतं.

तिने न्यायला आलेल्या सुनेकडून दाभण मागून घेतलं. "उघडं पोट नको. काय भरू?"

"बोंबील," मी म्हटलं.

"तू खात नायस."

"नाही खात. तुझ्या आवडीचा भर."

तिने शेपटाकडचा एक तुकडा आत ठेवला आणि न बघता वीतभर जागा शिवून टाकली.

आता मावशी नाही. गोधडी रोज माझ्या अंगावर असते, आणि मी ती धूत नाही. पावसाळी हवेत वास सुटतो, शेजारीण येऊन विचारते, कुठे उंदीर मेलाय का बघा. मी म्हणते, बघते हं. आणि रेवदंड्यात पदर लावून फिरणारं हे नाक त्या मधल्या वितीवर टेकवून झोपते. सकाळी उठले की खिडकी उघडते आणि वारा कुठला आहे ते बघते.